एअरब्रशला रेग्युलेटर कसा बसवायचा आणि प्रेशर किती ठेवायचं (गणपतीच्या सीझनसाठी)

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर साइडच्या एका तरुण मूर्तिकारानं विचारलंय, प्रश्न थोडक्यात असा. यंदा एक एचपीचा 24 लिटर टाकीचा कॉम्प्रेसर घेतला, 0.3 मिमी नोझलचा डबल ॲक्शन (ट्रिगर खाली दाबला की हवा, मागं ओढला की रंग) एअरब्रश ऑनलाइन मागवला, कॉम्प्रेसरवरच्याच रेग्युलेटरवर (हवेचं प्रेशर कमी-जास्त करायच्या नॉबवर) 2 किलो लावतोय पण ट्रिगर दाबला की काटा खाली येतोय, गालाचं शेडिंग करताना मध्येच शिंतोडे उडतात आणि दुपारनंतर तर रंगाबरोबर पाण्याचे थेंबच येतात. मग प्रेशर नेमकं किती ठेवायचं, आणि नवीन रेग्युलेटर घ्यायला लागतोय का.

भावा, आधी सरळ उत्तर देतो आणि मग कारणं सांगतो, कारण कारण कळलं की पुढच्या वर्षी दुसरा ब्रश किंवा दुसरा रंग आला तरी तुझं तुला जमेल. 0.3 नोझल, पाण्यात पातळ होणारा ॲक्रिलिक आणि गाल, सोंड, पोट यांचं शेडिंग असेल तर सुरुवातीला 18 ते 22 पाउंड, म्हणजे साधारण सव्वा ते दीड किलो. पण हा आकडा ट्रिगर दाबून हवा सुटत असताना गेजवर दिसायला पाहिजे, हवा बंद असतानाचा नव्हे. आणि होय, दुसरा एक छोटा फिल्टर रेग्युलेटर (हवेतलं पाणी गाळणारा आणि प्रेशर ठरवणारा, दोन्ही एकात) घ्यायला लागेल, पण कॉम्प्रेसरवरचा काढून टाकू नकोस, त्याचं काम वेगळं आहे ते खाली सांगतो.

आकड्यांचा घोळ आधी मिटवून टाकू. आपल्याकडं गॅरेजवाले किलो म्हणतात, एअरब्रशच्या व्हिडिओत पीएसआय म्हणतात (तेच आपले पाउंड), आणि गेजवर बार किंवा एमपीए छापलेलं असतं. 1 बार म्हणजे 14.5 पाउंड, 1 किलो म्हणजे 14.2 पाउंड, म्हणजे आपल्या कामापुरता बार आणि किलो एकच समज. एमपीएच्या गेजवर 0.1 म्हणजे 1 बार, तिथं 0.15 दिसलं की दीड किलो झालं. हे एकदा रेग्युलेटरशेजारी भिंतीवर मार्करनं लिहून ठेव, घाईत हिशेब चुकतोय आणि 15 पाउंडाच्या जागी दीड एमपीए शोधत बसणारी पोरं मी बघितलीत.

आता ट्रिगर दाबल्यावर काटा खाली का येतो ते बघ. रेग्युलेटरच्या आत वर एक जाड स्प्रिंग असते, तिच्याखाली रबराचा पडदा, त्याला डायफ्राम म्हणतात, आणि डायफ्रामच्या खाली एक पिन छोट्या व्हॉल्व्हला टेकलेली. तू नॉब आत फिरवलास की स्प्रिंग दाबली जाते, ती डायफ्रामला खाली ढकलते, व्हॉल्व्ह उघडतो, टाकीतली हवा पुढं येते. पुढच्या बाजूला हवा साठत जाते तसं ती डायफ्रामला वर ढकलायला लागते आणि स्प्रिंगचा जोर अन हवेचा जोर सारखा झाला की व्हॉल्व्ह बंद. रेग्युलेटर म्हणजे एवढंच. पण ट्रिगर दाबून हवा सतत वाहायला लागली की व्हॉल्व्ह सतत उघडा राहायला पाहिजे, तो उघडा राहायचा तर डायफ्राम खाली राहायला पाहिजे, डायफ्राम खाली गेला की स्प्रिंग थोडी सैल होते, आणि सैल स्प्रिंग म्हणजे कमी प्रेशर. म्हणून वाहत्या हवेत काटा उतरणारच, त्यात रेग्युलेटर बिघडला असं काही नाही. चांगल्या छोट्या रेग्युलेटरवर एअरब्रशसारख्या कमी हवा खाणाऱ्या हत्याराला 2-3 पाउंडाचा फरक पडतो. फरक 8-10 पाउंडाचा पडत असेल तर मात्र कुठंतरी हवा अडायली आहे, फिल्टर चोंदलाय नाहीतर मधला कपलर (पाइपचा जोड) बारीक आहे.

म्हणून सेटिंग करायची रीत अशी ठेव. रंग न घालता ब्रश जोड, ट्रिगर फक्त खाली दाब, मागं ओढू नकोस, हवा सुटू दे, आणि ती सुटत असतानाच दुसऱ्या हातानं नॉब फिरवत 20 पाउंडावर आण. ट्रिगर सोडल्यावर काटा 22-23 वर जाईल, जाऊ दे, त्याच्याकडं बघूच नकोस. आणि प्रेशर नेहमी खालून वर आणायचं. तुला 25 वरून 18 करायचंय तर आधी 12-14 पर्यंत उतरव आणि मग चढवत 18 वर थांब. वरून खाली येताना आतले सील आणि डायफ्राम घासून थोडे अडकून राहतात, काटा 18 दाखवतोय आणि चार फवारे मारले की 16 वर येऊन बसतोय. ही रीत सवयीची झाली की एकाच रांगेतल्या दहा मूर्तींचे गाल सारखे दिसतात, आणि घरोघरी जाणाऱ्या मूर्तीत नाही म्हटलं तरी गिऱ्हाईक तेवढंच आधी बघतंय, चेहरा.

तुझ्या कॉम्प्रेसरवरचा जो रेग्युलेटर आहे त्याची अडचण वेगळी आहे. तो 8 बारपर्यंतच्या कामासाठी केलेला, स्प्रिंग दणकट, गेज 0 ते 12 बारचं. तुला पाहिजे ते सव्वा-दीड बार त्या गेजच्या पहिल्या दोन रेघांत संपलं, तिथं 18 आणि 24 मधला फरक डोळ्याला दिसत पण नाही, आणि नॉब अर्धा पाव फिरवला की प्रेशर उडी मारतंय. दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. टाकीतलं प्रेशर 8 वरून 5 वर उतरत जातं तसं साध्या रेग्युलेटरच्या पुढचं प्रेशर थोडं वाढत जातं. हो, वाढतं. टाकीची हवा त्या छोट्या व्हॉल्व्हला खालून बंद करायच्या दिशेनं ढकलत असते, टाकीचा जोर कमी झाला की ते ढकलणं कमी होतं आणि व्हॉल्व्ह जरा जास्त उघडतो. मोठ्या कामात हे जाणवत नाही, पण सोंडेवर हलकं शेडिंग चाललंय आणि मध्येच फवारा रुंद झाला असं वाटतं ना, त्याचं एक कारण हे.

यावर उपाय म्हणजे दोन टप्पे. कॉम्प्रेसरवरचा रेग्युलेटर 4 किलोवर लाव आणि विसरून जा. तिथून पाइपनं हवा तुझ्या बैठकीजवळ आण, आणि हाताच्या अंतरावर छोटा फिल्टर रेग्युलेटर बसवून त्याच्यावर 20 पाउंड लाव. पहिल्यानं टाकीचा चढउतार गिळला, दुसऱ्याला कायम 4 किलोच मिळतंय, म्हणून त्याचा काटा हलत नाही. शिवाय उठून कॉम्प्रेसरपर्यंत जायला लागत नाही, मूर्तीसमोर बसल्या बसल्या दोन पाउंड कमी-जास्त करता येतात, आणि खरं शेडिंग तसंच होतंय, एकाच प्रेशरवर अख्खी मूर्ती रंगवायची नसते.

आता पाण्याचं. हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण आपलं मूर्तीचं काम सगळं आषाढ-श्रावणात, आणि तुझ्याकडं जांबोटी-कणकुंबीकडून जो पाऊस लागतोय त्यात हवा म्हणजे निम्मं पाणीच. निपाणी-चिकोडीकडं जरा बरं असतंय, अथणीवाल्याला तर हा त्रास बराच कमी, पण खानापूरला यातून सुटका नाही. हिशेब बघ. 25 डिग्रीला पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये सुमारे 23 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावतंय. कॉम्प्रेसर ती हवा दाबून आठव्या हिश्शाच्या जागेत कोंबतो, पण थंड झाल्यावर तेवढ्या जागेत तेवढीच वाफ मावते जेवढी आधी त्या जागेत मावत होती, म्हणजे बाकीचं पाणी होऊन बाहेर पडणारच. एअरब्रश मिनिटाला 10-15 लिटर हवा घेतो असं धरलं तर 6-7 तासांच्या कामात छोटा चहाचा कप भरेल एवढं पाणी टाकीत तयार होतंय. लीक असेल तर आणखी जास्त.

आणि दुपारनंतरच थेंब का येतात? सकाळी टाकी गार असते, आत आलेली गरम हवा तिथंच थंड होते, पाणी बुडाला बसतं आणि पुढं बऱ्यापैकी कोरडी हवा जाते. दुपारपर्यंत कॉम्प्रेसर तापतो, टाकी पण कोमट होते, मग वाफ टाकीत थांबतच नाही, तशीच पाइपमध्ये येते आणि पाइपमध्ये गार होऊन थेंब बनते, ते थेंब थेट तुझ्या ब्रशमध्ये. म्हणून ब्रशखाली ती छोटी गोळीसारखी, पाणी पकडणारी वॉटर ट्रॅप लावून पुरत नाही, ती लाव जरूर, पण ती शेवटची राखण आहे, मुख्य काम तिच्या आधी व्हायला पाहिजे.

मुख्य काम म्हणजे हवेला जास्त प्रेशरमध्ये असतानाच थंड करायचं, पाणी तिथंच पकडायचं, आणि मगच प्रेशर कमी करायचं. क्रम उलटा केलास तर फायदा निम्म्यावर येतोय. कारण असं की 7-8 किलोला गार झालेली हवा रेग्युलेटरमधून दीड किलोला उतरली की ती पसरते आणि तीच हवा आता तुलनेनं कोरडी होते, तिच्यातली आर्द्रता तिसऱ्या हिश्शावर वगैरे येते, मग पुढच्या पाइपमध्ये थेंब बनायचा प्रश्नच उरत नाही. आपण 4 किलोचा पहिला टप्पा ठेवलाय तिथं पण हेच तत्त्व लागू पडतंय, फक्त जरा कमी. ज्याला पाण्याचा फारच त्रास आहे त्यानं टाकी आणि पहिला रेग्युलेटर यांच्या मध्येच, पूर्ण प्रेशरला, एक वेगळा वॉटर सेपरेटर घालावा.

थंड करायला मशीन नको, लांबी पाहिजे. कॉम्प्रेसर शेडच्या बाहेर पडवीला किंवा मागच्या बाजूला ठेव, पावसापासून आडोसा करून, आणि तिथून तुझ्या जागेपर्यंत 25-30 फूट अर्धा इंची जीआय पाइप भिंतीवरनं ने. पाइपला थोडा उतार दे, कॉम्प्रेसरपासून लांब जाईल तसा खाली. शेवटी पाइप खाली जमिनीकडं सोड आणि बुडाला ड्रेन कॉक लाव, आणि तुझ्या रेग्युलेटरची लाइन त्या खाली गेलेल्या पाइपच्या बुडातनं नाही तर वरच्या आडव्या पाइपच्या अंगावरनं, वर तोंड करून टी काढून, वळवून घे. पाणी जड, ते सरळ खाली जातंय, हवा वरनं वळते. पीव्हीसीचा पाण्याचा पाइप मात्र चुकून पण वापरू नकोस, स्वस्त पडतोय आणि जोडायला सोपा आहे म्हणून खूप जण लावतात, पण दाबलेल्या हवेत तो फुटला की तुकडे सुऱ्यासारखे उडतात. पाणी भरलेला पाइप फुटला तर गळतो, हवा भरलेला फुटला तर स्फोट होतो. जीआय परवडत नसेल तर चांगल्या प्रेशरचा होज वापर, पण पीव्हीसी नको म्हणजे नको.

कॉम्प्रेसर बाहेर ठेवायचं आणखी एक कारण म्हणजे रंगाची धूळ. आतच ठेवलास तर तो उडालेला रंग परत आत ओढतोय, इनटेकचा फिल्टर चोंदतोय. आणि थिनरचं काम करत असशील तर मोटर आणि प्रेशर स्विचची ठिणगी त्या वाफेत नकोच.

फिल्टर रेग्युलेटर घ्यायला बेळगावात उद्यमबागेत ये. आपल्याकडं फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सची एवढी कामं आहेत की न्यूमॅटिक्सचं सामान तिथं सहज मिळतंय, दुकानात कन्नडमध्ये बोल नाहीतर मराठीत बोल, क्वार्टर बीएसपीचा (पाव इंची पाइपच्या आट्यांचा) एफआर, म्हणजे फिल्टर रेग्युलेटर, म्हटलं की कळतंय. एफआर घे, एफआरएल घेऊ नकोस. त्यातला एल म्हणजे लुब्रिकेटर, तो हवेत तेल सोडतोय, नटबोल्टच्या एअर गनला ते पाहिजे असतंय पण रंगात तेल गेलं की मूर्तीवर गोल गोल डोळे पडतात, तिथं रंग धरतच नाही. साइज पाव इंचीच घे, अर्धा इंची मोठा रेग्युलेटर घेतला म्हणजे जास्त चांगला असं नाही, कमी हवेला मोठा रेग्युलेटर नीट प्रतिसाद देत नाही. जॅनेटिक्स, एसएमसी, फेस्टो या कंपन्यांतलं काही मिळालं तर उत्तम. एसएमसीच्या छोट्या मॉडेलांत 0.02 ते 0.2 एमपीएची हलकी स्प्रिंग असलेला प्रकार पण येतो, एअरब्रशला तो अगदी योग्य, मागवायला लागला तरी मागव. ऑनलाइन मिळणारा एएफआर 2000 मॉडेलचा फिल्टर रेग्युलेटर स्वस्त आहे आणि सुरुवातीला चालतोय, पण त्याच्यावरचं 10 बारचं गेज काढून 0 ते 4 बारचं लाव. एवढा एकच बदल केलास तरी काम करताना जमीन-अस्मानाचा फरक कळेल, कारण तेव्हा कुठं तुला 18 आणि 20 वेगळे दिसायला लागतील.

फिल्टरचा जो पारदर्शक बाऊल असतो तो बहुतेक पॉलीकार्बोनेटचा असतोय. त्याला थिनर, ॲसिटोन लावून पुसायचं नाही, कधीच नाही. वरनं काही दिसत नाही पण आत बारीक चिरा पडतात आणि एक दिवस प्रेशरमध्ये फुटतो. साबणाच्या पाण्यानं धुवायचा, आणि थिनरचं काम करणाऱ्यानं तर धातूचं गार्ड असलेला किंवा धातूचाच बाऊल घ्यावा.

बसवताना चार गोष्टी. बॉडीवर बाण असतो तो हवा जायची दिशा दाखवतो, टाकीकडून ब्रशकडं, उलटा बसवला तर प्रेशर लागणारच नाही. बाऊल उभाच पाहिजे, तिरका लावला तर पाणी तळाला न बसता पुढं जातंय. टेफ्लॉन टेप बाहेरच्या आट्यांवर, टोकाकडनं बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं, दोन-तीन फेरे, आणि टोकाचा पहिला आटा मोकळा सोडायचा, नाहीतर टेपचा तुकडा तुटून रेग्युलेटरच्या सीटवर (बंद होताना व्हॉल्व्ह टेकतो ती जागा) जाऊन बसतो. ॲल्युमिनियमची बॉडी असते, पाना लावून जोर करू नकोस, आटे जातात. रेग्युलेटरच्या पुढं पाव इंचीवरून एक सूत म्हणजे वन-एट्थ बीएसपीचा बुश (साइज बदलायचा जोड) लागेल, कारण बाजारातल्या बहुतेक एअरब्रशचा आटा वन-एट्थ बीएसपी असतो, आयवाटा कंपनीचा पण तोच. बॅजर आणि पाशे कंपन्यांचे जुने ब्रश मात्र स्वतःचेच आटे वापरतात, त्यांना वेगळा ॲडॉप्टर लागतो, तो आधी बघून घे, जबरदस्तीनं बसवायचा प्रयत्न करू नकोस. ब्रशच्या टोकाला टेप लागत नाही, तिथं आत वॉशर असतो, हातानं आवळलं की पुरे. रेग्युलेटरपासून ब्रशपर्यंत 2-3 मीटरचा मऊ होज ठेव, उगीच दहा मीटर नको.

सगळं जोडून झालं की टाकी भर, ब्रश बंद ठेव, आणि कॉम्प्रेसर बंद करून टाकीचं गेज बघत बस. पंधरा मिनिटांत काटा हलायला नको. हलला तर साबणाच्या पाण्याचा फेस प्रत्येक जोडाला लाव, बुडबुडे येतील तिथं लीक. दुसरी परीक्षा काम चालू असतानाची आहे. तुझी टाकी 24 लिटरची, 8 वरून 5 बारवर उतरली की कॉम्प्रेसर चालू होतो असं धरलं तर मध्ये 3 गुणिले 24 म्हणजे 72 लिटर हवा मिळते, आणि ब्रश मिनिटाला 15 लिटर घेतो, म्हणजे सतत फवारलं तरी पाचेक मिनिटं कॉम्प्रेसर गप्प राहायला पाहिजे. तो दर दीड-दोन मिनिटाला उठायला लागलाय तर लीक आहे, आणि लीक म्हणजे नुसतं लाइटबिल नव्हे, जास्त चालणं, जास्त तापणं, जास्त पाणी. तुझी दुपारची तक्रार निम्मी तिथंच मिटेल असं मला वाटतंय, आधी तेच बघ.

एवढं झालं की मग प्रेशर किती हा प्रश्न खऱ्या अर्थानं विचारता येतो. आणि तो गेजला नाही, कागदाला विचारायचा. रंग गाळून घे, गाईच्या दुधाइतका पातळ कर, कपाच्या कडेला लावला की सरसर उतरून मागं हलका थर राहिला पाहिजे. जुन्या वर्तमानपत्रावर नको, कोऱ्या कागदावर, आणि त्याहून बरं म्हणजे पांढऱ्या डिस्टेंपरचा हात दिलेल्या तुटक्या मूर्तीच्या तुकड्यावर मारून बघ, कारण मूर्तीचा पृष्ठभाग जसा ओढतो तसा कागद ओढत नाही. 20 पाउंडावर सुरू कर. ठिपके मोठे आणि खरखरीत दिसले तर प्रेशर कमी पडतंय नाहीतर रंग जाड आहे, आधी रंगात थोडं पाणी घाल आणि मगच प्रेशर 2 पाउंडानं वाढव. रंग बाजूला कोळ्याच्या पायांसारखा पसरायला लागला तर उलट आहे, रंग फार पातळ किंवा प्रेशर जास्त किंवा ब्रश फार जवळ. फवाऱ्याची कड धुरकट, आणि हाताला लागला तर पावडरसारखा कोरडा, तर प्रेशर जास्त, रंग मूर्तीवर पोचायच्या आधीच सुकायलाय. पावसाळ्यात हे शेवटचं कमी घडतं, कोळी पसरायचं जास्त घडतं, कारण दमट हवेत आधीचा थर सुकलेलाच नसतो आणि त्याच्यावर परत फुंकतोस. म्हणून पावसाळ्यात मी शेडिंग उन्हाळ्यापेक्षा 2-3 पाउंड कमी प्रेशरवर, हलक्या हातानं, जास्त थरांत करतो, आणि एक मूर्ती सुकेपर्यंत पुढच्या चार-पाच मूर्तींवरनं हात फिरवून येतो.

अंतर आणि प्रेशर हातात हात घालून चालतात. पोटाचं, पितांबराच्या घड्यांचं शेडिंग 10-15 सेंटिमीटरवरनं 20-22 पाउंडाला. गालाची लाली, कानाच्या आतला भाग, सोंडेच्या वळ्या 5-7 सेंटिमीटरवरनं 15-18 ला. नखांच्या कडा, दागिन्याखालची सावली अशी बारीक रेघ दीड-दोन सेंटिमीटरवरनं 12 ला, त्यासाठी रंग आणखी पातळ. 12 पाउंडाला जाड रंग उडणारच नाही, शिंतोडे येतील आणि तू म्हणशील रेग्युलेटर खराब. पर्ल आणि गोल्डनचे कण मोठे असतात, त्याला 0.3 नको, 0.5 चा ब्रश घे आणि 25-30 वर मार, दर काही मिनिटांनी कप हलवत राहा नाहीतर कण तळाला बसतात. थिनरवर चालणारे रंग पाण्याच्या रंगापेक्षा कमी प्रेशर मागतात, तिथं 15-18 नं सुरुवात कर. अंगाचा सपाट बॉडी कलर मात्र एअरब्रशनं भरत बसू नकोस, त्याला साधी स्प्रे गन आहे, पण ती मिनिटाला शंभर-दीडशे लिटरच्या वर हवा खाते, तिची लाइन तुझ्या या छोट्या रेग्युलेटरमधून घेऊ नकोस, पहिल्या टप्प्यातूनच वेगळी टी काढ. आणि डोळ्यांची आखणी हातातल्या ब्रशनंच, तिथं कितीही चांगला रेग्युलेटर असला तरी काय उपयोग नाही.

शाडूवाल्यांसाठी एक वेगळं. कच्ची शाडू पाणी पिते आणि तिच्यावरची बारीक माती सुटी असते. पहिलाच हात 25-30 पाउंडानं जवळून मारला तर धूळ उडून रंगात मिसळते आणि कण कण दिसतात. पहिला पांढरा हात पातळ, लांबून, 15 पाउंडाला, तो सुकला की मग चढवत जा. आणि पाण्याचा एक थेंब पीओपीवर पडला तर पुसता येतोय, शाडूवर पडला तर तिथं डाग आणि कधी कधी बारीक खड्डा राहतोय, म्हणून शाडूचं काम करणाऱ्यानं वरचं पाण्याचं प्रकरण आधी निस्तरावं आणि मगच ब्रश हातात घ्यावा.

काही दिवसांनी असं दिसेल की ट्रिगर सोडलेला आहे तरी गेजचा काटा हळूहळू वर चढतोय, 20 चं 25, 30. हे चढत राहणं म्हणजे व्हॉल्व्हच्या सीटवर कचरा, गंज नाहीतर टेपचा कण अडकलाय. लाइनची हवा पूर्ण सोडून, खालचा बाऊल काढून, व्हॉल्व्ह बाहेर घेऊन सुती कापडानं सीट पूस, परत बसव. नॉबखालच्या छोट्या भोकातून सतत फुसफुस येत असेल तर दोन शक्यता, एक तर हेच सीटचं, दुसरी डायफ्राम फाटलाय, तो बदलायला लागतो. प्रेशर कमी करताना त्या भोकातून क्षणभर हवा सुटते ती बरोबर आहे, जास्तीची हवा तो तिथून सोडतो. काही स्वस्त रेग्युलेटर अशी हवा सोडत नाहीत, त्यात नॉब मागं फिरवला तरी ट्रिगर दाबेपर्यंत काटा उतरत नाही, त्याला बिघाड समजू नको.

ब्रशवर पुढच्या बाजूला किंवा कपाखाली छोटा स्क्रू असतो काही मॉडेलांत, मॅक व्हॉल्व्ह म्हणतात, तो हवा अडवतो, प्रेशर धरून ठेवत नाही. रेग्युलेटरवर 20 लावून तिथं जरा आवळून बारीक काम करता येतं, सोयीचं आहे, पण रेग्युलेटरच्या जागी तो चालणार नाही.

मास्क विसरू नको. पाण्याच्या रंगाला एन 95 चालेल, थिनरला कार्बन कार्ट्रिजचाच पाहिजे. कितीही कमी प्रेशर असलं तरी ब्रशचं टोक अंगाला टेकवून हवा सोडायची नाही, आणि लहान पोरं मूर्ती बघायला जमतात त्यांच्या हातात चेष्टेनं पण द्यायचा नाही.

रोज काम संपलं की टाकीच्या बुडाचा ड्रेन उघडून सगळं पाणी काढ, जीआय पाइपचा कॉक उघड, फिल्टरचा बाऊल रिकामा कर, सकाळी उठून करतो म्हणशील तर रात्रभर ते पाणी टाकीला आतून गंजवतंय, आणि गंजलेली टाकी वेल्डिंग करून वापरायची नसते, बदलायचीच असते. सेफ्टी व्हॉल्व्हची रिंग महिन्यातून एकदा ओढून हवा सुटतेय का बघ. आणि चतुर्थी झाली, सीझन संपला की रेग्युलेटरचा नॉब पूर्ण मागं फिरवून स्प्रिंग सैल करून ठेव, म्हणजे पुढच्या आषाढात डायफ्राम दबून बसलेला मिळणार नाही.